किल्ली कोणाच्या हातात?

सदर : प्रवासाला निघताना



फराळाचे डबे तळाला जायला लागले की आपल्या घरांमधून दुसरा विषय निघतो, तो म्हणजे डिसेंबरची भारतवारी. तिकिटं तर उन्हाळ्यातच काढलेली असतात. प्रश्न उरतो तो तिथे उतरल्यावर हिंडायचं कसं याचा. आणि इथे दोन पिढ्यांचे दोन पक्ष पडतात. आईबाबा म्हणतात, "ड्रायव्हरसकट गाडी घेऊ, डोक्याला ताप नको." मुलं म्हणतात, "आपणच चालवू या ना! गोव्यात तर सगळेच भाड्याने गाडी घेतात." मग आजोबा फोनवरून तिसरी सूचना करतात, "शेजारच्यांची गाडी पडूनच असते, ती घेऊन जा. पेट्रोलचे आणि वर थोडे पैसे दिले की झालं."

तीनही सूचना प्रेमाच्या आहेत. पण तिन्हींत कायदा, विमा आणि जिवाची जोखीम वेगवेगळी आहे, आणि ती कोणी जेवणाच्या टेबलावर सांगत नाही. म्हणून यंदाचं सदर परदेशात भाड्याची गाडी घेण्यावर. "परदेश" हा शब्द मी दोन्ही बाजूंनी वापरते आहे. आपल्याला तिकडची गाडी परकी, तर इकडे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना इकडची.

आपलं गावही एकदा बाजू बदलून बसलंय

आधी डाव्या-उजव्याचं बोलू. तुम्हाला माहीत आहे का, की ब्रिटिश कोलंबियातही एकेकाळी गाड्या भारतासारख्या डावीकडूनच चालत? प्रांताच्या आतल्या भागाने १९२० साली बाजू बदलली. व्हँकूव्हर आणि आसपासच्या भागाला मात्र १ जानेवारी १९२२ पर्यंत थांबावं लागलं. कारण इथे ट्राम होत्या, आणि ट्रामचे दरवाजे दुसऱ्या बाजूला करायचे म्हणजे मोठा खर्च. म्हणजे आपल्या बर्नाबीच्या रस्त्यांवर शंभर वर्षांपूर्वी लोक पुण्या-मुंबईसारखेच डावीकडून जात होते.

गोव्याची कथा याच्या उलट. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, तरी त्यांच्याच ताब्यातला गोवा डावीकडेच राहिला. चहूकडचा ब्रिटिश मुलूख डावीकडून चालत असताना गोव्याने एकट्याने बाजू बदलून काय करायचं? पुढे स्वीडनने १९६७ मध्ये आणि आइसलँडने १९६८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली.

हे सांगायचं कारण असं, की अख्खा देश बाजू बदलतो तेव्हा पाट्या बदलतात, पोलीस उभे राहतात, आणि प्रत्येकजण त्या दिवशी जपून चालवतो. तुम्ही एकटे बाजू बदलता तेव्हा सावध असणारे फक्त तुम्हीच असता. बाकीचे आपापल्या सवयीने चाललेले असतात.

गोंधळ गर्दीत फारसा होत नाही. समोर दहा गाड्या असल्या की आपण त्यांच्या मागे जातो. घात होतो तो रिकाम्या रस्त्यावर. सकाळी लवकर हॉटेलमधून बाहेर पडताना, पेट्रोल पंपातून रस्त्यावर येताना, यू-टर्न घेतल्यावर, किंवा फोटो काढायला कडेला थांबून पुन्हा निघताना. तिथे हात आणि पाय जुन्या सवयीने वागतात. यावर एकच सोपा मंत्र लक्षात ठेवा : चालवणारा माणूस नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला. गाडी भारतातली असो की कॅनडातली, हा नियम दोन्हीकडे खरा ठरतो. तुमच्या खांद्याशी रस्त्याची कड आली असेल तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

आणखी काही गोष्टी बदलतात. भारतातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, म्हणजे वळायला जाल आणि भर उन्हात वायपर चालू होतील. हसू येतं, पण मागच्याला तुमचं वळण कळलेलं नसतं. गिअर डाव्या हाताने टाकायचा. इथे वाढलेल्या मुलांपैकी अनेकांनी क्लच कधी पायाखाली घेतलेलाच नसतो, त्यामुळे गाडी ठरवतानाच "ऑटोमॅटिक हवी" असं स्पष्ट सांगा. भारत, इंग्लंड आणि युरोपात ती न मागता मिळेलच असं नाही. आणि सिग्नल लाल असताना इथल्यासारखं थांबून, बघून वळायची सवय तिकडे नेऊ नका. भारतात डावीकडे वळायची मोकळीक तिथे तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच.

कागदपत्रं : जुनं लायसन्स कपाटातच राहू दे

पहिल्या पिढीतल्या अनेकांना वाटतं, "अहो, मी वीस वर्षं पुण्यात स्कूटर आणि फियाट चालवली आहे, मला कसलं परमिट?" अनुभव तुमचाच आहे, पण लायसन्स तुमचं राहिलेलं नाही. बी.सी.चं लायसन्स मिळताना आपण जुनं लायसन्स आयसीबीसीकडे जमा केलेलं असतं. आणि कोणाकडे राहिलंच असलं, तर बहुधा त्याची मुदत कधीच संपली आहे. मुदत संपलेलं लायसन्स म्हणजे विनापरवाना गाडी, आणि विनापरवाना गाडी म्हणजे अपघातात विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण.

त्यामुळे लागतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली ते दिलं जातं, आणि कॅनडा आणि भारत दोन्ही या करारात आहेत. कॅनडात ते द्यायचा अधिकार फक्त सीएए या संस्थेला आहे. आपल्याकडे बीसीएएच्या शाखेत जाऊन ते काढता येतं. इंटरनेटवर "जागतिक लायसन्स" विकणारे बरेच सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. परमिटची मुदत एक वर्ष. ते स्वतः लायसन्स नसतं, तुमच्या लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर असतं. म्हणून सोबत बी.सी.चं मूळ कार्ड हवंच.

आता तरुण मंडळींसाठी. परमिटसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. भाड्याने गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या २१ च्या खाली गाडी देत नाहीत, आणि २५ च्या खाली जास्तीचे पैसे लावतात. म्हणजे गाडीमागे अजून हिरवा "एन" लावून फिरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा गोव्याचा बेत इथेच संपतो. "करार बाबांच्या नावावर, चालवीन मी" हा मार्ग तर अजिबात नको. ज्याचं नाव करारावर नाही त्याच्या हाती गाडी असताना अपघात झाला, तर विमा लागू होत नाही. दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारावर घाला. त्याचे दिवसाला चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

विमा : तीन डबे, तीन झाकणं

काउंटरवरचा माणूस भराभर सह्या घेतो आणि विचारतो, "पूर्ण इन्शुरन्स हवा का?" आपण म्हणतो, "क्रेडिट कार्डावर आहे." अर्धवट उत्तर आहे ते. विमा म्हणजे फराळासारखे तीन वेगळे डबे समजा.

पहिला डबा दुसऱ्याचा. तुमच्या गाडीमुळे कोणी जखमी झालं किंवा कोणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. हा थर्ड पार्टी विमा भारतात कायद्याने सक्तीचा आहे. आयसीबीसीचा आपला मूळ विमा फक्त कॅनडा आणि अमेरिकेत चालतो. सिअ‍ॅटलला जाताना तो सोबत असतो, मुंबईला किंवा ऑकलंडला नाही. परदेशात हा डबा भाड्याच्या करारातच असायला हवा, आणि त्याची रक्कम किती ते वाचायला हवं.

दुसरा डबा भाड्याच्या गाडीचा. ती ठोकली गेली किंवा चोरीला गेली तर काय? क्रेडिट कार्डाचा विमा फक्त इथे येतो. तोही अटींसह. पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरलेलं हवं, कंपनीचा त्याच प्रकारचा विमा नाकारलेला हवा, आणि कॅनडातल्या अनेक कार्डांवर मुदत सलग ४८ दिवसांपर्यंत आणि गाडीची किंमत ६५,००० डॉलरपर्यंत अशी मर्यादा असते. दोन महिन्यांच्या सुट्टीसाठी एकच करार केलात, तर ही मर्यादा ओलांडली जाते. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो. आइसलँडला जाणाऱ्यांनी तर वाळू आणि राखेच्या वादळाचा वेगळा विमा आणि वाऱ्याने दार उलटं फिरण्याबद्दलचं कलम मुद्दाम वाचावं. तिथे ही नुकसानं खरोखर होतात. निघण्याआधी कार्डामागच्या नंबरवर फोन करा, देशाचं नाव सांगा आणि उत्तर लेखी मागवा.

तिसरा डबा तुमचा स्वतःचा. परदेशात दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर आपली एमएसपी दिवसाला जास्तीत जास्त ७५ डॉलर देते. होय, पंचाहत्तर. बाकी सगळं खिशातून. तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना भाड्याची गाडी चालवणार आहात हे लपवू नका.

किल्ली घेताना दहा मिनिटं

गाडी ताब्यात घेताना फोनवर एक सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, छत, चाकांच्या रिंगा, समोरची काच, आतल्या सीटा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. परत करताना तेच, त्याच क्रमाने. दोन वर्षांपूर्वी न्यूझीलंडहून परत आल्यावर तीन आठवड्यांनी आम्हाला एका कंपनीकडून बंपरवरच्या ओरखड्याचं बिल आलं. आम्ही गाडी घेतल्या दिवशीचा व्हिडिओ पाठवला. ओरखडा त्यात होताच. बिल मागे घेतलं गेलं, पण ते व्हिडिओ पाहिल्यावर.

डिपॉझिट म्हणून कार्डावर मोठी रक्कम अडकवली जाते, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी पाहा. "भरून घ्या, भरून द्या" ही इंधनाची अट सगळ्यात सोपी, शक्यतो तीच निवडा. टोल आणि दंड नंतर कार्डावर येतात आणि कंपनी वर आपला वेगळा आकार लावते, म्हणून महिनाभर स्टेटमेंटवर नजर ठेवा.

भारतात आधी नंबरप्लेट बघा

आता आजोबांच्या सूचनेकडे येऊ. भारतात पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याची. आणि स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी असते, आकडे पिवळे. यामागे १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे.

शेजाऱ्याने प्रेमाने, फुकट गाडी दिली तर गोष्ट वेगळी. तरी त्याच्या विम्याचे आणि पीयूसीचे कागद बघा. पण पैसे घेऊन दिलेली पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे बेकायदा भाडं. गोव्यात अशा गाड्या सर्रास पुढे केल्या जातात आणि त्यांच्यावर कारवाईही होत असते. दंड फार नाही बोचत. बोचतं ते पुढचं. खाजगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने दिली होती असं अपघातानंतर निघालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग एखाद्या स्कूटरवाल्याच्या कुटुंबासमोर तुम्ही आणि तुमचे शेजारी दोघेच उभे राहता. शेजारी हजार रुपयांसाठी हे ओढवून घेतो आणि तुम्ही थोड्या बचतीसाठी. स्पष्ट नाही म्हणा. आजोबा चार दिवस रुसतील, पण पाचव्या दिवशी विसरतील.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते गाडी घेतानाच विचारा. मुंबईत शिरताना लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर आहे. मदतीसाठी ११२, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही नंबर मुलांच्या फोनमध्येही भरून ठेवा, कारण त्यांची बोटं सवयीने ९११ कडे जातील.

मागची सीट

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, सुरक्षेत नावाजलेली होती. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा केला.

इथे लोहीडच्या मॉलला जाताना आपण चार वर्षांच्या मुलाला सीटमध्ये नीट बांधतो. नऊ वर्षांचं होईपर्यंत किंवा १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर सोडत नाही. आणि तिकडे तेच मूल मावशीच्या मांडीवर बसून खंडाळ्याचा घाट उतरतं. मावशीचं प्रेम खोटं नसतं, पण गाडी अचानक थांबली तर मांडी धरून ठेवू शकत नाही. बहुतेक विमानकंपन्या मुलाची कार सीट फुकट नेऊ देतात. घेऊन जा. भाड्याची गाडी ठरवताना विचारा, "मागचे पट्टे वापरात आहेत ना? की सीट-कव्हरखाली दाबून टाकलेत?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

ड्रायव्हर घेतलात तर त्याची झोपही घ्या

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मुंबई, पुणे, कोकण आणि देशावरच्या प्रवासाला ड्रायव्हर घ्यावा, आणि गोव्यात, न्यूझीलंडमध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये हवं तर स्वतः चालवावं. पण "ड्रायव्हर घेतला म्हणजे काळजी मिटली" हेही खरं नाही.

आपलं विमान मुंबईला उतरतं बहुधा मध्यरात्री. सामान घेऊन बाहेर यायला दोन वाजतात, आणि आपण म्हणतो, "आता हॉटेल कशाला, थेट कोल्हापूरला निघू, सकाळी आईच्या हातचा चहा." साधारण पावणेचारशे किलोमीटर. गाडीत बसल्याबरोबर सगळे गाढ झोपतात, फक्त एक माणूस सोडून. आणि तो माणूस आदल्या सकाळपासून जागा असू शकतो. कायद्यात दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा आहे. ती पाळली जाते की नाही, हे शेवटी तुमच्या एका प्रश्नावर ठरतं : "दादा, काल रात्री झोप झाली का?" उत्तर घुटमळत आलं, तर विमानतळाजवळ खोली घ्या आणि उजाडल्यावर निघा. मुक्कामी असताना त्याच्या झोपण्याची सोय विचारा. गाडीच्या सीटवर रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरवणार असतो, आणि गाडीत तुमची माणसं असतात.

हाच नियम स्वतः चालवणाऱ्यांनाही लागू आहे. आपल्या रात्रीचा तिकडे दिवस असतो. पहिले दोन दिवस स्टिअरिंगला हात लावू नका.

आणि इकडे येणाऱ्यांसाठी

पुढच्या वर्षी पुण्याचा पुतण्या येऊन म्हणेल, "काका, मी गाडी घेऊन बॅन्फला जातो." पाहुणा म्हणून आलेल्याला भारतीय लायसन्सवर बी.सी.त सहा महिन्यांपर्यंत चालवता येतं. त्याला एवढं नक्की सांगा : १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत, आणि डोंगरातल्या अनेक हमरस्त्यांवर ३० एप्रिलपर्यंत, हिवाळी टायर लागतात, ते गाडी ठरवतानाच मागायचे. मर्यादेपेक्षा ४० किलोमीटरने जास्त वेग गेला तर गाडी किमान सात दिवसांसाठी जप्त होते, भाड्याची असली तरी, आणि ते दिवसही भरून द्यावे लागतात. फोन हातात दिसला की ३६८ डॉलर. पिवळ्या शाळा-बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दोन्ही दिशांची वाहतूक थांबते. आणि चार बाजूंना "स्टॉप" असलेल्या चौकात हॉर्न वाजवून पुढे जायचं नसतं, जो आधी आला तो आधी जातो. रविवारी सकाळी त्याला शेजारी बसवून मेट्रोटाउनभोवती दोन फेऱ्या मारा. सगळं कळेल.

"थांबा" कोण म्हणणार?

आपल्या घरांत किल्ली सहसा घरातल्या मोठ्या पुरुषाच्या हातात जाते, आणि तो दमला आहे हे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसतं. बोलत कोणीच नाही. वडीलधाऱ्याला कसं सांगायचं!

तेव्हा मुलांनो, आणि लेकी-सुनांनो, या खेपेला निघण्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. प्रत्येक वळणाला त्याने मोठ्याने "डावीकडे" म्हणायचं. आणि गाडीतल्या कोणीही, अगदी दहा वर्षांच्या नातीनेही, "थांबा" म्हटलं, तर गाडी पुढच्या धाब्यावर थांबवायची. कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही, चहा घ्यायचा. हे आज, घरच्या टेबलावर ठरवा. घाटात ठरवायला वेळ मिळत नाही.

सुखरूप जा, सुखरूप या. तुमचे अनुभव आणि प्रश्न संपादकांकडे जरूर पाठवा, पुढच्या अंकात त्यांच्यावर बोलू. शुभ दीपावली!